पाया कच्चा, पुस्तक बारावीचे

दहावीला गणितात जेमतेम निभावलेला मुलगा कला किंवा वाणिज्य शाखेला जातो, गणित सुटले म्हणून हुश्श करतो, आणि सहा-सात वर्षांनी तेच गणित त्याची वाट अडवते. एम. ए. अर्थशास्त्राच्या सुरुवातीलाच सीमांत खर्च काढायला डेरिव्हेटिव्ह लागतो. नोकरी सांभाळून डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करू म्हटले तर मॅट्रिक्स आणि संभाव्यता लागते. पॉलिटेक्निकवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. डिप्लोमा करून ते इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतात. डिप्लोमात जेवढे गणित झाले तेवढे झाले, पण अकरावी-बारावी नाही, पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू नाहीत, आणि समोर एम-थ्रीमधला लाप्लास ट्रान्सफॉर्म. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीला गणित न घेतलेल्यांसाठीही इंजिनिअरिंगचे दार किलकिले केले तेव्हा बराच गदारोळ झाला आणि परिषदेने ब्रिज कोर्सचा उतारा पुढे केला. कोर्स असो वा नसो, या सगळ्यांना शेवटी आपले आपण पुस्तक उघडून बसावे लागते. आणि सल्ला सगळ्यांना एकच मिळतो : पाया कच्चा आहे, आधी तो पक्का करा. तो ऐकायला इतका रास्त वाटतो की तपासून पाहावा असे कुणाच्या मनातही येत नाही.

या सल्ल्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. गणिताचा क्रम म्हणजे इयत्तांचा क्रम, ही एक. आणि खालचे सगळे आल्याशिवाय वरचे काहीच येत नाही, ही दुसरी. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत. जो भाग खरा आहे तो सल्ला देणाऱ्यांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, पण त्यांना वाटतो त्यापेक्षा जास्त कडकही आहे. आणि या दोन्हींच्या पलीकडे, एकट्याने शिकणाऱ्याची खरी अडचण पायात नसून दुसरीकडेच आहे, असे उपलब्ध पुरावा पाहिला की म्हणावेसे वाटते.

आधी क्रमाचे पाहू. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या गणित आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकांची अनुक्रमणिका उघडली तर अकरावीत कोनमापन, त्रिकोणमिती, निश्चयक आणि मॅट्रिक्स, रेषा, वर्तुळ, शांकव, मग दुसऱ्या भागात संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमपर्याय-संयोग, फंक्शन, लिमिट, डेरिव्हेटिव्ह दिसतात. बारावीत तर्कशास्त्र, व्हेक्टर, रेषीय प्रोग्रॅमिंग, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन. एकामागोमाग छापलेली ही प्रकरणे एकमेकांवर तितकीशी अवलंबून नाहीत. तर्कशास्त्राला दहावीचेही काही लागत नाही. मॅट्रिक्सच्या गुणाकाराला पूर्णांकांची बेरीज-गुणाकार आणि चिकाटी लागते. रेषीय प्रोग्रॅमिंगला नववी-दहावीतली आलेखावर रेषा काढण्याची सवय पुरते. क्रमपर्याय आणि संभाव्यता यांना तर तंत्रापेक्षा नीट मोजण्याचे शहाणपण हवे. म्हणजे अकरावी-बारावीच्या पुस्तकांतला चांगला मोठा भाग असा आहे की दहावीत काठावर पास झालेला माणूस आज संध्याकाळी तो सुरू करू शकतो. उरलेल्या भागात मात्र पकड घट्ट आहे. शांकवाला वर्ग पूर्ण करण्याची रीत हवी, व्हेक्टरला पायथागोरस आणि निर्देशक भूमिती हवी, आणि कॅल्क्युलसला जवळजवळ सगळेच थोडेथोडे हवे. पाठ्यपुस्तकाचा क्रम शिक्षकांच्या तासिका, दोन वर्षांची विभागणी आणि भौतिकशास्त्राला कधी काय लागेल याची सोय पाहून लावलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण तो गणिताचा स्वतःचा क्रम समजणे चूक आहे. किती कप्पे कारभाराच्या सोयीचे असतात याचा दाखला केंद्रीय बोर्डानेच दिला. २०२० च्या परीक्षेपासून त्यांनी दहावीला ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन पेपर ठेवले, बेसिकवाल्यांना अकरावीचे नेहमीचे गणित बंद केले, आणि करोनाकाळात तीच अट एका परिपत्रकाने शिथिल केली. परिपत्रकाने उघडणारे दार गणिताने बंद केलेले नव्हते.

तरीही कॅल्क्युलसचे काय, हा प्रश्न उरतोच. बहुतेकांना हवे असते तेही तेच. इथे एक उदाहरण अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. १/क्ष या फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचा आहे. क्षच्या जागी क्ष + ह घ्यायचे, वजाबाकी करायची, हने भागायचे आणि शेवटी ह शून्याकडे न्यायचा. वजाबाकी आहे १/(क्ष + ह) − १/क्ष. समच्छेद केला की छेद क्ष(क्ष + ह) आणि अंश क्ष − (क्ष + ह), म्हणजे −ह. हने भागले की उरले −१/[क्ष(क्ष + ह)], आणि ह शून्याकडे गेला की −१/क्ष². या चार ओळींत कॅल्क्युलसची ओळ एकच, शेवटची. बाकी तीन ओळी सातवी-आठवीच्या : अपूर्णांकांची वजाबाकी, कंसाबाहेरच्या वजा चिन्हाने आतली चिन्हे बदलणे, अंश-छेदातला समान अवयव काढून टाकणे. जो अडतो तो बहुधा या तीन ओळींत अडतो. १/(क्ष + ह) म्हणजे १/क्ष + १/ह असे लिहून मोकळा होतो, किंवा कंस सोडवताना +ह करून बसतो. क्षच्या जागी २ आणि हच्या जागी ०.१ घातले असते तर पहिली चूक उघडी पडली असती, कारण १/२.१ म्हणजे अर्ध्याहून थोडे कमी आणि दुसरीकडे बेरीज येते साडेदहा. पण घालून पाहायचे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मग तो म्हणतो, मला कॅल्क्युलस जमत नाही. कॅल्क्युलसशी त्याची अजून गाठच पडलेली नाही.

म्हणजे पाया लागतो. प्रश्न एवढाच की कोणता. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या दीर्घकालीन नोंदी तपासून रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती येतो यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या गणिताचा अंदाज बांधता येतो, आणि तोही बुद्ध्यंक, घरचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण हे सगळे हिशेबात धरल्यावर. बेरीज-वजाबाकीला तेवढे वजन नव्हते. वरचे उदाहरण डोळ्यांसमोर असेल तर याचे नवल वाटत नाही. माझ्या मते ही यादी फार लांबत नाही : अपूर्णांक, कंस आणि चिन्हे, घातांकांचे नियम, अवयव पाडणे, समीकरणाच्या दोन्ही बाजूंशी एकसारखे वागणे, आणि आलेख पाहून ‘हे वाढते आहे, हे घटते आहे’ असे बोलता येणे. लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती लागतात, पण त्यांचा नंबर नंतर येतो. साइनच्या डेरिव्हेटिव्हपाशी पोहोचेपर्यंत दहावीतल्या अंशांतल्या कोनांवर भागते. तिथे मात्र रेडियन आणि कोनांच्या बेरजेची सूत्रे लागतातच, त्याला पळवाट नाही. भूमितीतल्या प्रमेयांच्या सिद्धता, रचना, ‘सूत्रात किमती घाला’ छापाची घनफळे, आर्थिक नियोजनाचे प्रकरण, यांतले काहीही राहिले असेल तर या वाटेवर ते खुशाल राहू द्यावे.

लहान असली तरी ही यादी कडक का आहे, याचे उत्तर डोक्याच्या मर्यादेत आहे. मनात एका वेळी थोड्याच गोष्टी धरता येतात. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे आलेला विचार असा, की नवशिक्याला उदाहरण आपले आपण सोडवायला लावले तर त्याची सगळी शक्ती पुढची पायरी शोधण्यात खर्च होते आणि रीत शिकायची राहते. सोडवलेली उदाहरणे अभ्यासली तर तो कमी वेळात जास्त शिकतो. हेच तत्त्व पायालाही लागू पडते. समच्छेद करताना ज्याला दर वेळी थांबून विचार करावा लागतो, त्याच्याकडे लिमिटचा विचार करायला काही उरत नाही. ‘अपूर्णांक समजले’ एवढ्याने भागत नाही, ते हातात बसलेले असावे लागतात. आणि हात बसायला वर्षे लागत नाहीत. प्रौढ माणसाने रोज अर्धा तास दिला तर ते काही आठवड्यांचे काम आहे, कारण तो हे सगळे एकदा शाळेत पाहून आलेला असतो.

आता दुसरे गृहीतक : आधी सगळे खालचे, मग वरचे. यावर अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी नकळत एक प्रचंड प्रयोग करून ठेवला आहे. तिथे दशकानुदशके नवीन विद्यार्थ्याची चाचणी घेत आणि गणित कच्चे निघाले तर त्याला एक, दोन, कधी तीन पूर्वतयारीचे कोर्स आधी करायला लावत. थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा गणिताची ही पूर्वतयारी पूर्ण करणारे जेमतेम एक-तृतीयांश निघाले, आणि ज्यांना जास्त पायऱ्या नेमून दिल्या होत्या त्यांची गत आणखी वाईट होती. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की नापास होऊन बाहेर पडलेल्यांपेक्षा पुढच्या कोर्सला नावच न नोंदवलेले जास्त होते. काही जण तर पहिल्याच कोर्सला आले नाहीत. पुढे २०१६ मध्ये अलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वतयारीच्या बीजगणिताला पाठवायच्या ९०७ विद्यार्थ्यांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला नेहमीचे बीजगणित, दुसऱ्याला तेच बीजगणित आणि आठवड्याची एक कार्यशाळा, तिसऱ्याला थेट पदवीच्या पातळीचे संख्याशास्त्र आणि तशीच कार्यशाळा. बीजगणितात उत्तीर्ण झाले ३९ टक्के, कार्यशाळेसह ४५ टक्के, आणि ज्यांना ‘न झेपणारे’ संख्याशास्त्र दिले होते त्यांच्यातले ५६ टक्के. पाया आधी पक्का करायला बसवलेल्यांपेक्षा वरच्या मजल्यावर नेऊन तिथेच लागेल ते खालचे शिकवलेले जास्त तरले.

यावर रास्त आक्षेप आहे. संख्याशास्त्राच्या पहिल्या कोर्सला बीजगणित फार लागत नाही; कॅल्क्युलसला पावलोपावली लागते. म्हणून न्यूयॉर्कचे आकडे जसेच्या तसे कॅल्क्युलसवर लादता येत नाहीत, आणि कॅलिफोर्नियात २०१७ पासून कायद्याने पूर्वतयारीचे कोर्स आवरते घेत २०२२ च्या कायद्याने कॅल्क्युलसपर्यंत हात घातला तेव्हा तिथले गणिताचे अनेक प्राध्यापक चिडले ते उगाच नाही. आक्षेप मान्य करूनही बेलींच्या आकड्यांतला मुद्दा शाबूत राहतो. लांब पूर्वतयारीत माणूस गळतो तो अवघड गणितामुळे कमी आणि मधल्या रिकाम्या जागांमुळे जास्त. कॉलेजात निदान हजेरी आणि फी यांचा धाक असतो. घरी एकट्याने सहावीच्या पुस्तकापासून सुरू करणाऱ्याला तोही नाही. पस्तिशीतला माणूस रात्री जेवणानंतर सरळव्याजाची गणिते किती दिवस सोडवील? त्याला हवे आहे ते अजून चार पुस्तके पलीकडे आहे आणि आज केलेल्या कामाचा त्याच्याशी काही संबंध दिसत नाही. उलट १/क्षचा डेरिव्हेटिव्ह काढताना समच्छेदापाशी अडला आणि त्या रात्री समच्छेदाची वीस गणिते केली, तर ती कशासाठी हे त्याला सांगावे लागत नाही. कॅल्क्युलसच्या बाबतीत म्हणून मी मधला मार्ग धरीन : वर दिलेली छोटी यादी आधी, थोड्या दिवसांत, हात बसेपर्यंत, आणि त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, आंशिक अपूर्णांक जिथे लागतील तिथे.

स्वयंशिक्षणाचा विषय निघाला की मोठी नावे घेण्याचा मोह होतो, आणि लगेच उत्तर येते की ते अलौकिक होते, त्यांचे सोडा. उत्तर बरोबर आहे. नॉटिंगहॅमच्या पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा जॉर्ज ग्रीन साधारण एक वर्ष शाळेत गेला आणि १८२८ मध्ये त्याने लिहिलेल्या निबंधातले प्रमेय आजही इंजिनिअरिंगची मुले घोकतात, यावरून तुमच्या-आमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण या लोकांच्या यशाऐवजी त्यांच्या चुका पाहिल्या तर बरेच शिकता येते, कारण एवढी बुद्धी असूनही जिथे घसरण होते तिथे बुद्धी हे कारण नसते. सोफी जर्मेन हिला स्त्री म्हणून पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये प्रवेश नव्हता. व्याख्यानांच्या टिपणांवर ती शिकली, पुरुषाचे नाव घेऊन गणितज्ञ लाग्रांजला लिहीत राहिली. कंप पावणाऱ्या पत्र्यांच्या गणितासाठी फ्रेंच अकादमीने लावलेल्या स्पर्धेत १८११ साली प्रवेशिका तिची एकटीची होती, आणि बक्षीस मिळाले नाही, कारण कॅल्क्युलसची जी पुढची शाखा तिथे लागत होती तिचे शिक्षण तिला कधी मिळाले नव्हते. परीक्षक लाग्रांजने तिच्याच गृहीतकावरून योग्य समीकरण काढून दाखवले. १८१३ मध्ये उल्लेखनीय म्हणून नोंद झाली, १८१६ मध्ये बक्षीस मिळाले.

रामानुजन यांचे उदाहरण याहून बोलके. सोळाव्या वर्षाच्या आसपास हाती लागलेला कार यांचा ग्रंथ म्हणजे हजारो निष्कर्षांची जंत्री होती, सिद्धता असल्याच तर दोन ओळींच्या. ती जंत्री वाचत त्यांनी स्वतःचे गणित उभे केले आणि १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले. त्या पत्रव्यवहारातल्या अनेक सूत्रांनी हार्डी थक्क झाले, पण मूळ संख्यांच्या मोजणीबद्दल रामानुजन यांचा दावा चुकीचा होता. संमिश्र चलाच्या फंक्शनांचा सिद्धांत त्यांना ठाऊक नव्हता आणि तिथेच ते फसले, असे हार्डींचे निदान. पूर्वतयारी नसल्याचा तोटा झाला, हे इथे कबूल करावेच लागते. पण ती चूक वर्षानुवर्षे चूक म्हणून कळली नाही, कारण मद्रासेत ती दाखवू शकणारा माणूस त्यांच्या जवळपास नव्हता. आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे यांची वाट अधिक सोपी झाली ती याच कारणाने. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, त्याआधीच केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबारसाहेबांच्या हाताखाली लागले होते. रोजच्या नोंदी, रोजचा हिशेब, आणि तो पाहणारा जाणकार. पदवी नसताना ते पुढे पुण्यात कॉलेजात गणित शिकवू लागले आणि टिळक त्यांचे विद्यार्थी झाले. जर्मेनला आणि रामानुजन यांना उशिरा आणि छत्र्यांना सुरुवातीलाच जी गोष्ट मिळाली ती म्हणजे चूक दाखवणारा माणूस.

एकट्याने शिकणाऱ्याची अडचण इथे आहे असे मला वाटते. पाया कच्चा असणे ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे. तो कुठे कच्चा आहे हे न कळणे ही नाही. वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते. व्हिडिओ पाहताना तर जास्तच, कारण शिकवणारा अडत नाही. सोडवलेले उदाहरण झाकून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर करायला घेतले की भ्रम फिटतो, पण हे करायला स्वतःवर जरा कठोर व्हावे लागते. पाठ्यपुस्तकाची रचनाही या भ्रमाला खतपाणी घालते. एका स्वाध्यायात एकाच रीतीची वीस गणिते, त्यामुळे कोणती रीत वापरायची हा प्रश्नच पडत नाही. डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या ५४ वर्गांवर केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या वर्गांना एका प्रकाराची गणिते एकत्र दिली, निम्म्यांना तीच गणिते सरमिसळ करून. महिन्याभराने न सांगता घेतलेल्या चाचणीत पहिल्यांची सरासरी ३८ टक्के, दुसऱ्यांची ६१. इंटिग्रेशन शिकणाऱ्याने हे आकडे भिंतीवर लावावेत, कारण तिथे अर्धे काम रीत ओळखण्याचेच असते.

सुदैवाने गणित हा असा विषय आहे की त्यात स्वतःची चूक बऱ्याच अंशी स्वतःला पकडता येते, आणि ही सोय शाळेत फारशी शिकवली जात नाही. −१/क्ष² हे उत्तर बरोबर आहे का? क्ष = २ घेतले तर ते −०.२५ यायला हवे. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर ह = ०.१ घेऊन व्याख्येतली किंमत काढली तर −०.२३८ येते, ०.०१ घेतला तर −०.२४८८, ०.००१ घेतला तर −०.२४९९. उत्तर कुठे चालले आहे हे दिसते, आणि लिमिट म्हणजे काय हेही सूत्राशिवाय दिसते. इंटिग्रेशनचे उत्तर डेरिव्हेटिव्ह काढून तपासता येते. समीकरणाची उकल परत समीकरणात घालून पाहता येते. श्रेढीच्या बेरजेचे सूत्र पहिल्या तीन पदांवर घासून पाहता येते. उत्तरसूचीपेक्षा ही सवय जास्त कामाची, कारण उत्तरसूची ‘चूक’ एवढेच सांगते, आणि तीही कधीकधी छपाईत चुकलेली असते. तिथे मात्र पाया कच्चा असलेल्याचे हाल होतात : पुस्तक चुकले की आपण, हे ठरवण्याइतका आत्मविश्वास त्याच्याकडे नसतो. आणि सिद्धतेच्या प्रश्नांना यातली कोणतीच युक्ती लागू पडत नाही. सिद्धतेत फट राहिली आहे का, हे दुसऱ्यानेच पाहावे लागते.

हा दुसरा आता खिशात आहे, चॅटबॉटला विचारा, असे कोणी म्हणेल. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार मुलांवर झालेला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे वाचण्यासारखा आहे. गणिताच्या सरावात ज्यांना साधा चॅटबॉट दिला त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा कधीच चॅटबॉट न मिळालेल्यांपेक्षा ती १७ टक्क्यांनी खाली गेली. ज्यांना उत्तर न देता फक्त सूचना देणारा, शिक्षकांनी घडवलेला चॅटबॉट दिला त्यांचे असे नुकसान झाले नाही. आपली चूक दाखवून घेणे आणि उत्तर दाखवून घेणे यांत अंतर आहे, आणि थकलेला माणूस रात्री अकरा वाजता यांतले दुसरे निवडतो. आपला कागद पूर्ण लिहून झाल्यावर ‘पहिली चुकलेली ओळ फक्त दाखव’ एवढेच विचारायचा संयम असेल तर हे साधन उत्तम. नसेल तर व्हिडिओपेक्षाही फसवे.

मराठी माध्यमातून दहावी केलेल्याला आणखी एक ओझे असते. विज्ञान शाखेचे गणित इंग्रजीतून, पुढची बहुतेक पुस्तके इंग्रजीतून. गणित येत नाही की वाक्य कळत नाही, याचा गोंधळ सुरुवातीचे काही आठवडे चालतो. चिन्हांची भाषा सारखीच असल्याने हे ओझे लवकर उतरते. शाब्दिक उदाहरणे मात्र शेवटपर्यंत छळतात.

शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांचा सर्वांत जुना आक्षेप राहिला : असे तुकड्यातुकड्यांनी शिकलेले परीक्षेत कोसळते. काही परीक्षांबाबत हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न आणि ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत, आणि सगळा अभ्यासक्रम अंगावर येतो. तिथे अकरावी-बारावी दोन वर्षे रीतसर घासलेल्याशी एक-दीड वर्षात बरोबरी करण्याची आशा कोणी लावून घेऊ नये. ज्याला गणित कामापुरते हवे आहे, किंवा नंतरच्या अभ्यासक्रमात टिकण्यापुरते हवे आहे, त्याचे घड्याळ वेगळे. त्याला परीक्षा द्यायचीच असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत बारावीचा एकच विषयही घेता येतो, आणि गणित सोडून बारावी झालेले अनेक जण गणितापुरती ती परीक्षा देतात.

त्या संस्थेच्या रचनेत एक तरतूद आहे जिच्याकडे विद्यार्थी गुणांपुरते पाहतात : घरून लिहून द्यायचा आणि शिक्षकाने तपासायचा स्वाध्याय, ज्याला लेखी परीक्षेतल्या गुणांपैकी २० टक्के वजन आहे. नेमक्या याच कल्पनेवर इस्राएल गेलफांड यांनी १९६४ मध्ये मॉस्को विद्यापीठात पत्राद्वारे चालणारी गणिताची शाळा उभी केली. गेलफांड स्वतः युक्रेनमधल्या लहानशा गावचे. माध्यमिक शाळा पुरी झालेली नाही, पदवी नाही, आणि तरी एकोणिसाव्या वर्षी मॉस्कोत संशोधक विद्यार्थी. पंधराव्या वर्षी ऑपरेशनच्या वेळी हट्ट करून आईवडिलांकडून मिळवलेल्या उच्च गणिताच्या पुस्तकातून त्यांना पहिल्यांदा कळले होते की साइन ही भूमितीतली गोष्ट बीजगणिताच्या श्रेढीत लिहिता येते. आपल्या शाळेसाठी त्यांनी निर्देशक पद्धतीवर आणि फंक्शनच्या आलेखांवर छोटी पुस्तके सहकाऱ्यांबरोबर लिहिली. दूरच्या खेड्यांतली, जवळ चांगला शिक्षक नसलेली मुले ती वाचत, गणिते सोडवून वह्या मॉस्कोला पाठवत. विद्यापीठातले विद्यार्थी त्या तपासत, कुठे चुकले आणि का ते समासात लिहीत, आणि वही टपालाने परत जाई. पाठवणाऱ्याचा पाया किती पक्का आहे याची चाचणी घेत बसण्याची तिथे गरज पडत नसे, कारण तो कुठे कच्चा आहे ते पहिल्या वहीतच दिसे. आपल्याकडे बालभारतीची पुस्तके फुकट मिळतात, व्याख्याने हवी तितकी मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. महाराष्ट्रात दर वर्षी गणित घेऊन एम. एस्सी. होणारी मुले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाने आठवड्याला अशा दोन वह्या तपासल्या तर खर्च येईल तो टपालाचा.